मैदान रिकामं नव्हतं

शैलाताई जमखंडीकरांना जपानी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची हकीकत ऐकली की लोक हमखास विचारतात, "त्यांचं जपानी अगदी अस्खलित असेल ना?" छे. थोडेसे शब्द यायचे, तेही बहुतेक मैदानावरचे. धाव, फेक, थांब, माझा. "तेवढ्यावर भांडता येतं की," त्या म्हणायच्या. "भांडायला व्याकरण कशाला लागतंय?"

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्या-मुंबईहून आयटीवाले जपानात जथ्याने उतरत होते. मीही त्यातलीच. पुण्यात कॉलेज करता करता जपानीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या जोरावर कंपनीने मला 'ब्रिज इंजिनिअर' असं भारदस्त नाव देऊन तिकडे पाठवलं. ब्रिज म्हणजे पूल. दोन्हीकडची माणसं तुडवतात तो. आमचं शहर ओसाकाहून खाजगी रेल्वेने तासाभरावर, बंदराकाठी. त्याचं नाव मी लिहीत नाही. या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथेच नांदताहेत, त्यांना उगाच ताप नको.

माझ्या बिल्डिंगच्या मागे, अगदी भर शहरात, एक मोठं मैदान होतं. गवताची काडी नाही, नुसती पिवळट माती. एका बाजूला उंच जाळी, दोन बाकं, एक नळ. सकाळी तिथे म्हातारी माणसं रेडिओवरच्या तालावर व्यायाम करायची, मग बालवाडीची पोरं रंगीत टोप्या घालून यायची, दुपारी आजी-आजोबांचं गेटबॉल, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू कमानीतून घालवायचा खेळ, आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या बायकांचं सॉफ्टबॉल.

एका रविवारी भाजीची पिशवी घेऊन मी त्या मैदानाच्या कडेने चालले होते. जाळीच्या बाहेर एक पन्नाशीच्या बाई उभ्या राहून खेळ बघत होत्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. तेवढ्यात बॅटला चाटून उडालेला एक चेंडू जाळीवरून थेट माझ्यावर आला. मी "आई गं!" म्हणून पिशवी डोक्यावर धरली. समोर साडी सळसळली आणि चप्प आवाज झाला. बाईंनी तो चेंडू उघड्या हातांनी झेलला होता. सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट असतो. लागला तर बोट मोडतं. बाईंनी तिथूनच तो जाळीवरून परत फेकला, तो सरळ चेंडू टाकणारीच्या हातात.

टीमची कॅप्टन निशिमुरासान, कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण, धावत बाहेर आली आणि वाकून वाकून काहीतरी विचारू लागली.

"मराठी ना गं तू?" बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "'आई गं' म्हणालीस म्हणून विचारते. ह्या काय म्हणतायत?"

"विचारतायत, तुम्ही कुठे खेळता?"

"सांग, सांगली."

मी सांगितलं. निशिमुरासानने गंभीरपणे मान डोलावली. सांगली हा जपानातलाच एखादा जिल्हा असावा, असा तिचा चेहरा होता. पुढच्या रविवारी शैलाताई टीममध्ये होत्या.

तरुणपणी त्या राज्याच्या संघातून खो-खो खेळलेल्या. पुढे सांगलीच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांचे यजमान वसंतराव एका मोठ्या ट्रेडिंग कंपनीत यंत्रसामग्रीच्या विभागात होते. त्यांची जपानात बदली झाली तेव्हा शैलाताई बिनपगारी रजा टाकून बरोबर आल्या. इतर कंपनीवाल्यांच्या बायका इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकत, कोणी इंग्रजीच्या शिकवण्या करत. शैलाताईंनी इकेबानाच्या वर्गाला एकदा हजेरी लावली आणि परत येऊन मला म्हणाल्या, "तीन फुलं लावायला दोन तास! आणि उभं राहायचं नाही म्हणे."

बसायचंच असेल तर त्यांना उकिडवं बसायला आवडायचं. टीममध्ये त्यांना कॅचर केलं ते त्यामुळेच. बॅट धरणारीच्या मागे तासन् तास उकिडवं बसून राहायचं आणि गरज पडली की बाणासारखं उठायचं, हे काम बाकीच्या बायकांना शिक्षेसारखं वाटे. शैलाताईंना ते जन्मजात येत होतं. "खो-खोत काय वेगळं असतं?" त्या म्हणत. "बसायचं, ते उठण्यासाठी. खो मिळाला की सुटायचं. कोणी दिला, का दिला, हे वळून बघत बसलं की पळणारी निसटली."

एखादीचा झेल सुटला की जपानी बायका "दोनमाइ, दोनमाइ!" असं ओरडतात. मूळ इंग्रजीतलं 'डोन्ट माइंड', जपानी तोंडात त्याचं असं झालं. शैलाताईंना कित्येक महिने वाटत होतं की चूक झाली की या बायका दोन आयांची आठवण काढतात, एक माहेरची आणि एक सासरची. खरा अर्थ कळल्यावर त्यांना जरा वाईटच वाटलं. "माझा अर्थ बरा होता," त्या म्हणाल्या. त्यानंतरही आमटी खारट झाली, ट्रेन चुकली, वसंतराव छत्री विसरले, की त्या कपाळावर हात मारून "दोन माई!" म्हणत.

जागा हा त्यांचा खरा नाद. ट्रेनमधून जाताना बाकीच्यांना फुजीचा डोंगर दिसायचा, यांना डोंगराच्या पायथ्याची सपाटी दिसायची. "इथं दोन मैदानं आरामात बसतील. पण उतार आहे, पावसाचं पाणी खालच्या अंगाला साठणार." एकदा आम्ही क्योतोला गेलो होतो. तिथल्या एका देवळात खड्यांची बाग आहे. पांढरे खडे दाताळ्याने ओढून रेघा काढतात आणि लोक श्वास रोखून त्याकडे बघत बसतात. शैलाताईही बराच वेळ बघत बसल्या. मला वाटलं, भारावल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "एवढी छान आखून ठेवली आहे, आणि आत पाऊल टाकायची सोय नाही!"

आणि अशा बाईंच्या मैदानावर नगरपालिकेने बोट ठेवलं.

शहराचं बेसबॉलचं जुनं स्टेडियम लांब डोंगराच्या पायथ्याशी होतं. छप्पर गळकं, बस तासाला एक. बेसबॉल म्हणजे तिथल्या लोकांचा जीव की प्राण, तेव्हा नवं स्टेडियम हवं, तेही भर शहरात, स्टेशनवरून चालत जाता येईल असं, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न जागेचा होता. नगरपालिकेच्या दारातल्या हॉलमध्ये जागांचे नकाशे लावले आहेत असं निशिमुरासानने सांगितलं, म्हणून आम्ही तिघी बघायला गेलो.

एक जागा बंदराजवळ भराव घातलेली. ती शहराबाहेर, नुसती दाखवायला ठेवल्यासारखी. दुसरी स्टेशनच्या मागची, रेल्वेचं बंद पडलेलं मालगाड्यांचं यार्ड. भलं मोठं, गंजलेल्या रुळांनी भरलेलं. त्याखाली लिहिलं होतं की तिथल्या मातीत वर्षानुवर्षं तेल मुरलंय, ती साफ करायला वेळ लागेल. गावात कुजबुज अशी होती की उंच टॉवर बांधायला त्या जागेवर कोणाचा तरी डोळा आहे. तिसरी जागा आमचं मैदान. त्यावर लाल गोल काढलेला आणि शेजारी 'सर्वांत योग्य' असा शेरा.

नकाशावर घरं करडी, दुकानं पिवळी, शाळा हिरव्या रंगवल्या होत्या. मैदान कोरं पांढरं.

"पांढऱ्यात काय लिहिलंय?" शैलाताईंनी विचारलं.

"रिकामी जागा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच लिहिलंय. "रिकामी? मग आम्ही बायका दर रविवारी तिथं काय भुतं असतो काय?"

निशिमुरासानने खाली बघत हलकेच म्हटलं, "शोगानाइ." जपानात हा शब्द फार ऐकू येतो. इलाज नाही, व्हायचं ते होणार. मी भाषांतर केलं. शैलाताईंनी निशिमुरासानचा दंड धरला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "निशिमुराबाई, हा शब्द मला शिकवायचा नाही." याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

त्यांना स्टेडियम नको होतं अशातला भाग नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पुढे त्यांच्याविषयी तसंच पसरवलं गेलं: परदेशी बाई आली आणि आमच्या बेसबॉलच्या आड आली. शैलाताईंना बेसबॉल बघायला मनापासून आवडायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्टेडियम बांधा, भर शहरात बांधा, स्टेशनच्या मागे बांधा. पण खेळ बघायला जागा हवी म्हणून खेळायची जागा घेऊ नका.

टीमच्या बायका आधी कचरल्या. कोणाचा नवरा नगरपालिकेत, कोणाचं दुकान नगरपालिकेच्या ठेक्यांवर. शैलाताईंनी कोणालाही आग्रह केला नाही. त्या रोज सकाळी मैदानावर जाऊन बसायला लागल्या. व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांत मिसळायच्या, गेटबॉलच्या आजींबरोबर थर्मासमधला चहा प्यायच्या, त्यांना शेंगदाण्याची चटणी चाखवायच्या. चटणीने आजींच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्या परत हात पुढे करायच्या. हातवारे करून, मातीत काडीने चित्र काढून शैलाताई प्रत्येकाला तेच सांगायच्या: इथं मोठं गोल उभं राहणार, आणि आपण बाहेर. महिन्याभरात मैदानावरचं प्रत्येक माणूस त्यांना ओळखत होतं. मग एका शनिवारी दुपारी नगरपालिकेने नागरिकांसाठी माहिती देणारी सभा ठेवली, आणि निशिमुरासान स्वतःच येऊन म्हणाली, "जमुकांदीसान, आम्ही येतोय." जमखंडीकर हे नाव त्यांच्या जिभेवर इतकंच बसायचं.

सभेत कुवातासान नावाचे एक अधिकारी बोलत होते. चाळिशीचे, अतिशय सभ्य, दर दोन वाक्यांनंतर "आपण समजून घ्यावं ही विनंती" म्हणणारे. त्यांचं संपल्यावर प्रश्न विचारायला सांगितलं. नेहमीप्रमाणे कोणी हात वर करेना. शैलाताई उभ्या राहिल्या. मागून एका गृहस्थांनी म्हटलं, "इथे मतदान करणाऱ्यांनी विचारलेलं बरं." मी हळूच सांगितलं ते काय म्हणाले ते.

"त्यांना सांग," शैलाताई म्हणाल्या, "मी याच शहरात राहते, कर भरते, कचरा वेगवेगळा करून ठरल्या दिवशी टाकते. आता प्रश्न विचारू का?"

मी सांगितलं. कोणीतरी हसलं. कुवातासाननी हाताने 'विचारा' अशी खूण केली.

"हे स्टेडियम कोणासाठी?"

"सर्व नागरिकांसाठी."

"नागरिकांनी तिथं जाऊन काय करायचं?"

"सामने बघायचे."

"आणि खेळायचं कुठं?"

"त्या बाबतीत आम्ही अवश्य विचार करू."

"कुठल्या जागेवर विचार करणार, ती नकाशावर दाखवा."

मी भाषांतर करताना शब्द जरा मऊ करू पाहत होते. जपानीत अशी वाक्यं बोलतच नाहीत. शैलाताईंना शब्द कळत नव्हते, पण माझा आवाज कळत होता. "साखर घालू नकोस गं," त्या म्हणाल्या. "जसं बोलले तसं दे." मी जसंच्या तसं दिलं. कुवातासान नकाशाकडे वळले. हातातली काठी त्यांनी उचलली, शहरावरून इकडून तिकडे फिरवली आणि खाली ठेवली. सगळ्या हॉलने ते बघितलं. तेव्हा गेटबॉलच्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचं आहे." मग बालवाडीच्या बाई उठल्या. मग निशिमुरासान. ती या वेळी 'शोगानाइ' म्हणाली नाही.

या सभेची बातमी फोटोसकट स्थानिक पेपरात आली. साडीतली बाई, बोट नकाशाकडे रोखलेलं. ती वसंतरावांच्या ऑफिसातही पोचली.

वसंतराव म्हणजे अगदी शैलाताईंच्या उलट. मितभाषी, किरकोळ, नेहमी त्यांच्या मागून चालणारे. रविवारी मैदानाच्या बाकावर पेपर वाचत बसायचे आणि बायकोने झेल घेतला की पेपर खाली न करता एकदा टाळी वाजवायचे. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होते. पहिली पोळी संपल्यावर ते सहज सांगावं तसं म्हणाले, "आज मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं."

"का हो?"

"स्टेडियमच्या दिव्यांचं काम आपल्या कंपनीला मिळावं अशी बोलणी चालू आहेत. जागेचा वाद लांबला तर अडचण आहे, म्हणाले. पत्नीला समजावलंत तर बरं, म्हणाले."

तव्यावरची पोळी फुगून खाली बसली तरी शैलाताईंनी ती उलटली नाही. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी ऑफिस घरी नेत नाही, तेव्हा बायकोलाही ऑफिसात आणू नये."

"जपानीत?"

"इंग्रजीत. जपानीत इतकं उद्धट बोलायला जमत नाही मला."

मला हसू आलं, पण त्या दोघांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. शैलाताईंनी गॅस बंद केला आणि त्यांच्या समोर येऊन बसल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"अहो, तुमच्या नोकरीवर येतंय हे. दुसऱ्या कोणी सांगून मी थांबणार नाही. पण तुम्ही म्हणालात तर थांबते. खरंच थांबते. आत्ता सांगा."

वसंतरावांनी ताटातलं लोणचं बाजूला सारलं. "लग्न ठरलं तेव्हा तू नॅशनल्सला गेली होतीस. परत आलीस तर तुमच्या क्लबच्या मैदानावर दुकानगाळ्यांचे खांब उभे होते. तू मला भेटलीस ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. मला तर वाटलं होतं, मी पसंत नाही म्हणून रडतेयस." "तू थांबलीस तर मला त्रास होईल, शैला. वाढ पोळी."

पुढच्याच महिन्यात हुकूम आला. ठरलेली मुदत संपायच्या बरीच आधी वसंतरावांना मुंबईला परत बोलावलं. कारण म्हणून 'विभागाची पुनर्रचना' असं काहीतरी होतं. कोणी चढ्या आवाजात बोललं नाही, उलट साहेबांनी निरोपाची पार्टी दिली. शैलाताई त्या पार्टीला गेल्या नाहीत. त्या मैदानावर गेल्या, बूट काढून बाजूला ठेवले आणि कडेकडेने धावत राहिल्या. मी नळाजवळ उभी होते. एक फेरी, दुसरी, तिसरी. मग मी मोजणं सोडलं. थांबल्या तेव्हा तळव्यांना माती चिकटली होती आणि डोळे लाल होते. पाय धुता धुता म्हणाल्या, "जागा बघायला ती समिती कधी येणार आहे म्हणालीस?"

जागेचा निर्णय घेणारी समिती तिन्ही जागा प्रत्यक्ष बघायला येणार होती. मैदानाच्या जाळीवर सूचना लागली होती: पाहणी नीट व्हावी म्हणून त्या दिवशी सकाळी मैदान मोकळं ठेवून सहकार्य करावं. जपानात अशी सूचना लागली की मैदान मोकळं होतं. कोणी जाब विचारत नाही, कुंपण लागत नाही.

"त्या दिवशी आपण यायचं," शैलाताई म्हणाल्या. "घोषणा नकोत, फलक नकोत. रोज करतो तेच करायचं. फक्त सगळ्यांनी एकाच वेळी."

मला खात्री नव्हती. पाहणीच्या दिवशी सकाळी मी ऑफिसातून दोन तासांची सुट्टी घेऊन गेले तेव्हा मैदानावर फक्त शैलाताई होत्या, कॅचरचं चिलखत साडीवर बांधून बसलेल्या, आणि बाकावर पेपर वाचणारे वसंतराव. मला त्यांच्याकडे बघवेना. मग रस्त्याच्या टोकाला गेटबॉलच्या आजी दिसल्या, हातोडे खांद्यावर टाकून, ओळीने. त्यांच्यामागून रंगीत टोप्यांची रांग. लाँड्रीवर 'आज बंद' अशी पाटी लावून निशिमुरासान आली, तिच्याबरोबर अख्खी टीम. जिचा नवरा नगरपालिकेत होता तीसुद्धा, टोपी पार नाकावर ओढून. रात्रशाळेची पोरं फुटबॉल घेऊन आली. कुत्री फिरवणारे आले. समितीची मिनीबस आली तेव्हा मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती.

सुटातले दहा-बारा लोक खाली उतरले, हातात नकाशे. कुवातासान पुढे. त्यांना मैदानाच्या मध्यभागी जायचं होतं. चार पावलं गेले की चेंडू यायचा, मग मागे सरायचं. बालवाडीची पोरं त्यांच्या पायांतून पळत होती. समितीचे अध्यक्ष, एक वयोवृद्ध प्राध्यापक, कसेबसे एका मोकळ्या कोपऱ्यात पोचले आणि नकाशा उघडू लागले. तेवढ्यात त्या ऐंशीच्या आजी हातोडा टेकत त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "माफ करा, आपण आमच्या रेषेवर उभे आहात."

अध्यक्षांनी खाली बघितलं. खरंच उभे होते. ते "माफ करा, माफ करा" म्हणत बाजूला झाले, तर बालवाडीच्या रिंगणात गेले. तिथून निघाले तर सॉफ्टबॉलच्या पट्ट्यात. शैलाताई उकिडव्या बसल्या होत्या, त्या उठल्या, मुखवटा वर केला आणि अध्यक्षांना, त्यांच्या नकाशाला, त्या सगळ्या सुटांना त्यांच्या येणाऱ्या मोजक्या शब्दांतला एक शब्द ऐकवला.

"थांब!"

चेंडू टाकून होईपर्यंत अख्खी समिती थांबली. मग शैलाताईंनी हाताने 'आता जा' अशी खूण केली. पलीकडे बाकावर पेपर खाली न करता वसंतरावांनी एकदा टाळी वाजवली.

त्याच आठवड्यात जमखंडीकर भारतात परतले. जागेचा निर्णय काही लागलेला नव्हता. तो पुढे बऱ्याच महिन्यांनी लागला, स्टेशनच्या मागच्या यार्डाच्या बाजूने. अहवालात कारणं दिली होती ती रहदारी, रेल्वेची सोय, मातीच्या सफाईचं नवं तंत्र अशी. बायकांचा, आजींचा, साडीतल्या बाईचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. मैदानाची एक कड रस्ता रुंद करायला गेलीच. मी सांगलीला फोन लावला.

"मैदान राहिलं, शैलाताई!"

त्या म्हणाल्या, "कड कुठली गेली? नळाची का जाळीची?"

"जाळीची."

"मग जाळी आत घेतली असेल. पट्टा आखूड झाला. निशिमुराबाईंना सांग, तिरका आखून घ्या, बसेल." आणि मग, "अहवालात आपलं नाव नाही ना?"

"नाही."

"लिहायला काय, पांढऱ्या रंगात लिहिलं असेल," म्हणाल्या आणि खदखदून हसल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. कितीतरी वर्षांनी मावसभावाच्या लग्नाला मी सांगलीला गेले होते. परतीची गाडी पकडण्याआधी रिक्षा त्यांच्या शाळेवरून घ्यायला लावली. वसंतराव आदल्या वर्षी गेले होते. शैलाताईही शाळेतून कधीच निवृत्त झालेल्या, पण सकाळी मैदानावर असतात, असं कळलं होतं. शाळेचं फाटक सताड उघडं होतं. आत कुठल्याशा पुढाऱ्याच्या सभेचा मांडव घालायला बांबू आणि लोखंडी खांबांनी भरलेला ट्रक अर्धा शिरला होता. त्याच्यासमोर शैलाताई उभ्या होत्या. केस पार पांढरे, गुडघ्याला पट्टा, एका हाताने कंबर धरलेली. मागे मैदानावर मुली खेळत होत्या. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "अहो आजी, वरून परवानगी आहे!"

"वरून असू दे. खड्डे खाली पडतात."

मी रिक्षातून हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, ओळखलं, चेहरा उजळला. पण पाय जागचे हलवले नाहीत. हाताच्या पंज्यानेच मला सांगितलं, थांब, नाहीतर जा, आत्ता मला वेळ नाही. गाडीची वेळ होत आली होती. रिक्षा वळली तेव्हा मी मागच्या फटीतून बघितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं आणि खाली उतरून तो तंबाखू मळत होता. शैलाताई तशाच उभ्या होत्या, तळपत्या उन्हात, ट्रकच्या अगदी नाकासमोर.